माउसला कुठे ठाऊक, तो कुठे आहे!

पीक विम्याची मुदत संपत आली की वाशिम, रिसोड, मंगरुळपीरकडच्या कुठल्याही सेतू केंद्रात डोकावून पाहा. बाहेर सातबारा घेऊन उभी असलेली रांग, आत टेबलावर काच, काचेखाली देवाचा फोटो आणि काचेवर अडून बसलेला माउस. ‘काहून चालून नाही राहिला बाप्पा हा?’ असं कुणी म्हणेपर्यंत ऑपरेटर पोरानं पेपरची घडी त्याच्याखाली सरकवलेली असते. बाण लगेच पळू लागतो. उपाय सगळ्यांना पाठ आहे. खरी गंमत मात्र कारणात आहे.

माउस उलटा करा. तांबड्या दिव्याजवळच्या भिंगामागे एक कॅमेरा आहे. साध्या माउसमध्ये त्याचं चित्र असतं अवघं 18 बाय 18 ठिपक्यांचं. त्यात माणसाचा चेहराही धड ओळखू येणार नाही. पण असे फोटो तो सेकंदाला दीड हजारांच्या घरात काढतो! दिव्याचा उजेड तिरपा पडतो, त्यामुळे कागदाच्या तंतूंच्या सावल्या उठतात. आधीच्या फोटोतली सावली पुढच्या फोटोत किती आणि कुठे सरकली, एवढंच आतली चिप ताडून पाहते. स्वच्छ काचेवर सावली पाडायला काही खडबडीत नसतंच, मग ती ताडणार काय?

म्हणजे आपण कुठे आहोत हे माउसला कधीच कळत नाही. ‘इतका उजवीकडे, इतका वर’ एवढा निरोप तो संगणकाला सेकंदाला साधारण 125 वेळा धाडतो. उचलून दुसरीकडे ठेवला तरी बाण जागचा हलत नाही, तो याचमुळे. माउसचे जनक डग्लस एंगेलबार्ट यांच्या 1964च्या लाकडी माउसमध्ये कॅमेऱ्याच्या जागी काटकोनात बसवलेली दोन चाकं होती. मोजायची ती हालचालच.

या निरोपाचा अर्थ काय लावायचा, हे विंडोजच्या माउस सेटिंगमध्ये ठरतं. हजार डीपीआयचा माउस इंचाला हजार खुणा मोजतो. वेगाची पट्टी मधोमध असेल तर एका खुणेला पडद्यावरचा एक ठिपका, म्हणजे 1366 ठिपक्यांचा पडदा दीड इंचाच्या आत पार! ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’वर टिक असेल, तर मात्र हात झपाट्यानं गेला की बाण जास्त पळतो आणि हळू गेला की बारीक सरकतो. फॉर्मातल्या इवल्याशा चौकोनावर नेम धरताना हे फार कामाचं. गेम खेळणारी पोरं ती टिक आधी काढून टाकतात.

मला सगळ्यात आवडते ती डबल-क्लिकची पट्टी. दोन टिचक्यांमध्ये अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ गेला, तर विंडोज त्यांना सुट्या समजतं. मधल्या वेळात बाणही जेमतेम चार ठिपक्यांच्या चौकटीत राहावा लागतो. नांगर, डवरा धरून राठ झालेला हात पहिल्यांदा माउसवर येतो तेव्हा फाइल उघडत नाही, आणि काकांना वाटतं आपल्यालाच जमत नाही. पट्टी ‘स्लो’कडे सरकवा, त्याच बोटांनी ती उघडते. डावखुऱ्यांसाठी बटणांची अदलाबदलही तिथेच होते.

आणि ऐन गर्दीत माउसनं मानच टाकली, तर डावं ऑल्ट, डावं शिफ्ट आणि नमलॉक एकदम दाबून ‘हो’ म्हणा. उजवीकडच्या आकड्यांतल्या 8नं बाण वर जातो, 2नं खाली, आणि 5 दाबलं की क्लिक.