रेव्हरंड टिळकांनी सोडलेला पगार

देवावर भरवसा ठेवून सेवा करावी, असे प्रत्येक ख्रिस्ती सेवक सांगतो. पण दर महिन्याला पगार हातात पडत असला, की आपला भरवसा देवावर आहे की पगारावर, हे त्याचे त्यालाही कळत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना हा प्रश्न पडला आणि तो त्यांनी स्वतःपुरता सोडवलाही.

१८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या कामात आले. १९०४ मध्ये त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. कवी म्हणून महाराष्ट्रभर नाव झाले. सगळे स्थिरस्थावर असताना, १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही तिथे जागा होती. परदेशी पैशावर उभे राहिलेले काम आपल्या लोकांना परकेच वाटणार, हे त्यांना पटले होते.

आता खरे सांगायचे, तर टिळकांचा हात मुळातच सैल. खिशातले पैसे दुसऱ्याला देऊन रिकाम्या हाताने घरी येणारा हा माणूस. मग हा विश्वास म्हणायचा की बेफिकिरी? 'स्मृतिचित्रे' वाचताना हा प्रश्न मला अनेकदा पडतो. कारण देवावर हवाला टाकणारे टिळक असले, तरी संध्याकाळच्या भाकरीची काळजी लक्ष्मीबाईंना होती.

या लक्ष्मीबाई आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. शाळा पाहिलेली नाही. अक्षरओळख नवऱ्याने घरी करून दिलेली. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळले होते. १९०० साली राहुरीला त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला.

दरबार सुरू होऊन दोन वर्षेही झाली नव्हती, तोच ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. 'ख्रिस्तायन' हे त्यांचे ओवीबद्ध महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवर थांबले होते. ते पुरे करण्याची आपली विद्या नाही, हे लक्ष्मीबाई जाणून होत्या. तरी त्यांनी लेखणी उचलली आणि पुढचे ६४ अध्याय लिहिले. १९३६ मध्ये नाशिकला त्यांचे निधन झाले. शेवटचा अध्याय मुलाने, देवदत्तने, लिहिला.