खात्यातून परस्पर पैसे कटले? कोणता चार्ज परत मिळतो, कोणता नाही आणि अर्ज कसा करायचा, वाचा सविस्तर

लाडकी बहिणीचे पंधराशे जमा झाल्याचा मेसेज येतो आणि बँकेत गेल्यावर हातात हजार-बाराशेच पडतात. पीएम किसानच्या दोन हजारांचंही तसंच. विचारलं तर काउंटरवरून एकच उत्तर मिळतं, "चार्जेसला गेले." कशाचे चार्जेस, किती महिन्यांचे, हे कुणी सांगत नाही. मागे रांग उभी असते, माणूस गप्प बसून घरी येतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले दोन हप्ते म्हणजे ३,००० रुपये खात्यांत पडले, तेव्हा बँकांनी जुने चार्जेस आणि थकबाकी त्यातून कापून घेतल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या होत्या. हे पैसे कापू नका, असं सरकारला बँकांना सांगावं लागलं. ही रक्कम थोडी नाही. २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत सरकारी बँकांनी किमान शिल्लक नसल्याच्या दंडापोटी सुमारे साडेआठ हजार कोटी रुपये गोळा केले, अशी माहिती जुलै २०२४ मध्ये लोकसभेत देण्यात आली.

कापलेले सगळेच पैसे परत मिळत नाहीत. पण नियमाबाहेर कापलेले मिळतात. त्यासाठी दोन गोष्टी कराव्या लागतात. पैसे कशाचे कटले ते आधी ओळखायचं, आणि मागणी तोंडी न करता लेखी करायची.

आधी पासबुक भरून आणा

शेवटच्या एक-दोन वर्षांचं पासबुक भरून घ्या किंवा स्टेटमेंट मागा. नावे पडलेल्या, म्हणजे वजा झालेल्या प्रत्येक छोट्या रकमेपुढे पेनने खूण करा. पासबुकावर इंग्रजीत तुटक शब्द छापलेले असतात. ते कळत नसतील तर कॉलेजला जाणाऱ्या पोराला दाखवा किंवा काउंटरवर एकेक ओळ विचारा. साधारण हे प्रकार दिसतात:

- मिनिमम बॅलन्स चार्ज: खात्यात ठरलेली शिल्लक नसल्याचा दंड
- ईसीएस किंवा नॅच रिटर्न: कर्जाचा हप्ता खात्यात पैसे नसल्याने परत गेल्याचा दंड
- एटीएमचे चार्ज: कार्डाचा वार्षिक आकार, मोफत मर्यादेपेक्षा जास्त वेळा पैसे काढल्याचा आकार
- एसएमएस चार्ज
- ४३६ आणि २० रुपये: हे चार्ज नाहीत, विम्याचे हप्ते आहेत

बहुतेक चार्जेसवर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. त्यामुळे परतावा मागताना जीएसटीची रक्कमही धरून मागा.

मिनिमम बॅलन्सचा दंड: बँकेवरही बंधनं आहेत

किती शिल्लक ठेवायची हे रिझर्व्ह बँक ठरवत नाही, ज्याची त्याची बँक ठरवते. स्टेट बँकेने बचत खात्यावरचा हा दंड मार्च २०२० मध्येच बंद केला. कॅनरा बँकेने जून २०२५ पासून, तर पंजाब नॅशनल बँक आणि बँक ऑफ बडोदाने जुलै २०२५ पासून साध्या बचत खात्यांवरचा दंड काढून टाकला. खासगी बँकांत मात्र तो अजून बऱ्याच ठिकाणी आहे. तुमच्या बँकेचा सध्याचा दर शाखेतल्या फलकावर पाहा.

दंड लावायचा असला तरी तो कसा लावायचा, याचे नियम रिझर्व्ह बँकेने घालून दिले आहेत. १ एप्रिल २०१५ पासून ते लागू आहेत.

१. शिल्लक कमी झाली की बँकेने मेसेज, ईमेल किंवा पत्राने आधी कळवायचं. शिल्लक भरायला किमान एक महिना द्यायचा. त्यानंतरच दंड.

२. दंड तुटीच्या प्रमाणात हवा. समजा शिल्लक १,००० हवी आणि खात्यात ६०० आहेत, तर दंडाचा हिशेब ४०० रुपयांवर व्हायला पाहिजे. ९०० असलेल्याला आणि शून्य असलेल्याला सरसकट एकच दंड, हे बसत नाही.

३. फक्त या दंडामुळे खातं उणे, म्हणजे मायनसमध्ये जाता कामा नये.

तिसऱ्या नियमातूनच सगळा घोळ होतो. खात्यात पैसेच नसले की दंड लगेच कापला जात नाही, पण बाकी म्हणून मांडून ठेवला जातो. पुढे अनुदानाचे, विम्याचे किंवा दुधाचे पैसे आले की एकदम वळता होतो. म्हणून वर्षभर काही न कटलेल्या खात्यातून एकाच दिवशी पाच-सहाशे गेलेले दिसतात. अशा वेळी कुठल्या महिन्याचा किती दंड, त्या वेळी शिल्लक किती होती आणि नोटीस कोणत्या तारखेला पाठवली, हे तिन्ही लेखी मागा. मोबाईल नंबर बदलला असेल तर तेही तपासा. जुन्या नंबरवर मेसेज गेले असतील तर बँक तेच पुढे करते.

या खात्यांवर दंड लावताच येत नाही

जनधन खातं आणि बीएसबीडी, म्हणजे ज्याला आपण झिरो बॅलन्स खातं म्हणतो, त्यावर किमान शिल्लकेची अटच नाही. जनधन योजना २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झाली. त्या वेळी उघडलेली बरीच खाती पुढे चेकबुक घेताना किंवा कर्ज काढताना साध्या बचत खात्यात बदलली गेली, आणि खातेदाराला पत्ताही नाही. पासबुकाच्या पहिल्या पानावर खात्याचा प्रकार लिहिलेला असतो, तो बघा.

दुसरं म्हणजे बंद पडलेलं खातं. दोन वर्षांहून जास्त काळ खातेदाराने काहीच व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय धरलं जातं. अशा खात्यावर मिनिमम बॅलन्सचा दंड लावायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. ते पुन्हा चालू करायलाही पैसे घेता येत नाहीत. केवायसीची कागदं दिली की झालं.

या दोन्हींपैकी एखाद्या खात्यावर दंड पडला असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. पूर्ण रक्कम मागा.

हप्ता परत गेल्याचा दंड: इथे दुहेरी मार

ट्रॅक्टर, मोटारसायकल, मोबाईल किंवा बचत गटाबाहेरचं फायनान्सचं कर्ज असेल तर हप्ता खात्यातून आपोआप जातो. त्या दिवशी पैसे नसले तर बँक रिटर्न चार्ज लावते आणि फायनान्स कंपनी तिचा वेगळा. दोन्ही मिळून एका चुकलेल्या हप्त्याला पाचशे-हजार सहज जातात. हप्त्याच्या तारखेला दुपारी पैसे भरून उपयोग नसतो, कारण मागणी सकाळीच येऊन गेलेली असते. आदल्या दिवशीच पैसे खात्यात हवेत.

हप्ता खरोखर चुकला असेल तर हा दंड हक्काने परत मागता येत नाही. पहिल्यांदाच झालं असेल तर विनंती करून पाहा, काही शाखाधिकारी ऐकतात. पण तीन वेळा मागणी रास्त ठरते: पैसे असताना हप्ता परत गेला असेल, एकाच हप्त्यासाठी कंपनीने महिन्यात दोन-तीनदा मागणी टाकली असेल, किंवा कर्ज फिटून नील दाखला मिळाल्यावरही मागणी येत असेल. शेवटच्या दोन गोष्टींत कंपनीलाही लेखी कळवा आणि बँकेत जाऊन ते मॅन्डेट बंद करा. कर्ज फिटलं की मॅन्डेट बंद करायची सवयच लावून घ्या.

एटीएम आणि मेसेजचे चार्ज

एटीएममधून पैसे आले नाहीत पण खात्यातून वजा झाले, तर बँकेने पाच दिवसांत ते आपणहून परत जमा करायचे असतात. उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. मशीन बंद, कॅश नाही, नेटवर्क नाही अशा कारणाने व्यवहार फसला असेल तर तो मोफत मर्यादेत मोजायचा नाही. मशीनमधून निघालेली चिठ्ठी फेकू नका. चिठ्ठी नसेल तर तारीख, वेळ आणि ठिकाण लिहून ठेवा.

मेसेजचा आकार वापराप्रमाणे घ्यावा, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच सांगितलं आहे.

४३६ आणि २० रुपये कटले तर थांबा, विचार करा

दरवर्षी मे अखेरीला कटणारे ४३६ रुपये जीवन ज्योती विम्याचे आणि २० रुपये सुरक्षा विम्याचे असतात. पहिल्यात कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास २ लाख, दुसऱ्यात अपघाती मृत्यूला २ लाख वारसाला मिळतात. तुमची संमती नसताना कापले असतील तर संमती फॉर्मची प्रत मागा आणि तक्रार करा. मात्र हप्ता चालू असेल तर घरच्यांना आजच सांगून ठेवा. विमा होता हेच घरच्यांना माहीत नसेल, तर दावा कोण करणार?

अर्ज असा लिहा

साध्या कागदावर मराठीत लिहिला तरी चालतो. दोन प्रती काढा.

"प्रति, मा. शाखाधिकारी साहेब. विषय: खात्यातून कापलेली रक्कम परत मिळण्याबाबत. माझे बचत खाते क्रमांक (लिहा) यातून दिनांक (लिहा) रोजी रुपये (लिहा) कापले गेले आहेत. सदर रक्कम कोणत्या नियमाने, कोणत्या महिन्यांसाठी कापली व मला पूर्वसूचना कधी दिली, याची लेखी माहिती मिळावी. माझे खाते झिरो बॅलन्स / निष्क्रिय असल्याने (जे लागू असेल ते लिहा) सदर आकार लागू होत नाही. तरी जीएसटीसह रक्कम परत जमा करावी. सोबत पासबुकाची झेरॉक्स जोडली आहे."

एक प्रत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. पोच हाच तुमचा पुरावा आहे, त्याशिवाय पुढचं दार उघडत नाही.

त्याच वेळी पुढचे चार्ज थांबवा. खातं झिरो बॅलन्सचं करून द्या, असा दुसरा अर्ज द्या. एक अट लक्षात ठेवा, त्याच बँकेत तुमचं दुसरं बचत खातं ठेवता येत नाही.

तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. उगाच दिवस घालवू नका. ऑनलाइन तक्रार सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या वेबसाइटवर होते. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं. कागदी तक्रार पाठवायची असेल तर पत्ता असा: सीआरपीसी, भारतीय रिझर्व्ह बँक, सेंट्रल व्हिस्टा, सेक्टर १७, चंदीगड १६००१७. फी लागत नाही, वकीलही लागत नाही. पोच असलेला अर्ज आणि पासबुकाची प्रत जोडा. बँकेकडे आधी अर्ज केला नसेल तर तक्रार तिथेच निकाली निघते.

सरकारी, खासगी आणि ग्रामीण बँका या योजनेत आहेत. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही १ नोव्हेंबर २०२५ पासून आल्या आहेत. पतसंस्था मात्र यात येत नाहीत. पतसंस्थेबद्दल तक्रार असेल तर तालुक्याच्या सहाय्यक निबंधक कार्यालयात जा.

एक सावधगिरी

बँकेचा कस्टमर केअर नंबर गुगलवर शोधू नका. तिथे भामट्यांचे नंबर टाकलेले असतात. नंबर पासबुकावरून किंवा एटीएम कार्डाच्या मागून घ्या. चार्ज परत देण्यासाठी बँक ओटीपी, पिन मागत नाही, लिंकही पाठवत नाही, कुठलं ॲपही टाकायला सांगत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा.

शंभर-दोनशे रुपयांसाठी कोण फेऱ्या मारणार, असं वाटणं साहजिक आहे. पण मिनिमम बॅलन्सचा दंड एकदा कटून थांबत नाही, शिल्लक भरेपर्यंत तो पुन्हा पुन्हा लागतो. पुढच्या वेळी तालुक्याला बाजाराला जाल तेव्हा घरातली सगळी पासबुकं सोबत घ्या, म्हाताऱ्या आई-वडिलांचीसुद्धा, आणि भरून आणा.