पाकीट उलटून बघा

मुखेड म्हणजे चहाचा मुलूख. इथं कॉफी बहुधा किराणा दुकानात लटकणाऱ्या छोट्या पाकिटांतूनच घरात येते. घेताना पाकीट उलटून बघा. बारीक अक्षरांत कॉफी किती टक्के आणि चिकोरी किती, ते छापलेलं असतं. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजून दळलेलं मूळ. तिनं रंग गडद होतो, कडवटपणा आणि दाटपणा येतो, पण तिच्यात कॅफीन नसतं. त्यामुळे ७०:३० मिश्रणाची कॉफी काळीभोर दिसली तरी 'कडक' असेलच असं नाही. दूध-साखर भरपूर घालणाऱ्यांना ती चालते. बिनदुधाची प्यायची तर निव्वळ कॉफीच घ्यावी.

बियांच्या मुख्य जाती दोन. अरेबिका सौम्य, सुगंधी, किंचित आंबूस. रोबस्टा कडू, आणि कॅफीन जवळजवळ दुप्पट. रात्री डोळ्याला डोळा लागत नसेल तर रोबस्टा टाळा.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मते दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफीन नको. दीडशे मिली इन्स्टंट कॉफीत ते ५० ते ६५ मिलिग्रॅम असतं, उकळून गाळलेल्या कॉफीत ८० ते १२०. दिवसभराचा चहाही याच हिशेबात धरायचा, हे आपण सोयीनं विसरतो! रक्त कमी असेल तर जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर कॉफी नकोच. लोह अंगी लागत नाही. गरोदर बाईनं आणखी हात आखडता घ्यावा. मधुमेह्यांनी आधी साखर मोजावी. जायफळ मात्र चिमूटभर खुशाल घाला.