अर्जुनाची साल, जड धातू आणि हृदयाचे रक्षण

मुळशी तालुक्यात नद्या व ओढ्यांच्या काठी पांढुरक्या, गुळगुळीत सालीचा अर्जुनवृक्ष आढळतो. त्याचाच भाऊबंद असलेला ऐन डोंगरउतारावर वाढतो. ऐनाची साल मात्र काळसर, खडबडीत व भेगाळलेली असते. अर्जुनाच्या सालीचा काढा हृदयविकारावर देण्याची आयुर्वेदातील परंपरा फार जुनी आहे. शिसे, कॅडमियम, पारा व सोमल यांच्यामुळे हृदयास होणारी इजा अशा वनस्पतींच्या अर्काने टळते काय, याचा शोध आता प्रयोगशाळांतून घेतला जात आहे. त्यातून शेतकऱ्याने काय घ्यावे व काय घेऊ नये, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

धातूंमुळे होणारी इजा

हे धातू शरीराच्या कोणत्याही उपयोगाचे नाहीत. पेशींतील गंधकयुक्त द्रव्यांना चिकटून ते त्यांचे कार्य बंद पाडतात. त्यामुळे पेशींची संरक्षक द्रव्ये खर्ची पडतात आणि हृदयाचे स्नायू व रक्तवाहिन्यांचे अस्तर यांस हानी पोहोचते. शिशामुळे रक्तदाबही वाढतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२३ साली शिसे, कॅडमियम व सोमल यांची गणना हृदयरोगाचा धोका वाढविणाऱ्या कारणांत केली आहे.

भात पिकविणाऱ्यांनी जपानचे उदाहरण लक्षात ठेवावे. तेथील जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतील कॅडमियम पाटाच्या पाण्यावाटे खाचरांत उतरले. तो भात वर्षानुवर्षे खाणाऱ्यांची मूत्रपिंडे बिघडली व हाडे ठिसूळ झाली. या रोगाचे मूळ प्रदूषणात असल्याचे जपान सरकारने १९६८ साली मान्य केले.

अर्काचा गुण व त्याची मर्यादा

अर्जुनाची साल, आवळा व लसूण यांत पेशींची झीज रोखणारी द्रव्ये आहेत. उंदरांना विषारी धातूबरोबर असे अर्क दिले असता हृदयाची हानी कमी झाल्याचे अनेक प्रयोगांत दिसून आले आहे. इराणमध्ये बॅटरीच्या कारखान्यातील कामगारांना लसूण दिली असता त्यांच्या रक्तातील शिसे घटले, असे २०१२ साली प्रसिद्ध झाले. परंतु अर्काने माणसाचे हृदय धातूंपासून वाचते, हे अद्याप सिद्ध झालेले नाही. शिवाय कॅडमियम एकदा शरीरात शिरले, की मूत्रपिंडात १० ते ३० वर्षे ठाण मांडून बसते. म्हणून काढा घेतला म्हणजे निर्धास्त झालो, असे कोणी समजू नये.

दुसरीही एक सावधगिरी हवी. अमेरिकेतील बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ औषधांत शिसे, पारा वा सोमल आढळल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. ज्या विषापासून बचाव करावयाचा, तेच औषधातून पोटात गेले तर लाभ कोणता?

खाचरातील उपाय

खरे संरक्षण शेतातच होते. अतिवृष्टीच्या प्रदेशातील जमिनी आम्ल होत जातात, आणि आम्ल जमिनीतून पीक कॅडमियम अधिक शोषते. यास्तव मातीपरीक्षणानुसार चुना द्यावा व चांगले कुजलेले शेणखत वापरावे. निसवण्याच्या सुमारास खाचरात पाणी टिकले तर दाण्यात कॅडमियम कमी उतरते. परंतु जमिनीत सोमल असल्यास तो पाण्याखाली अधिक शोषला जातो. म्हणून पाणी नियोजनापूर्वी जमिनीत कोणता धातू आहे, हे जाणणे आवश्यक आहे. नेहमीच्या मातीपरीक्षणात हे धातू तपासले जात नाहीत. कारखान्याचे सांडपाणी शिरत असेल अशा खाचरासाठी ती तपासणी मुद्दाम मागावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

१. शहरी कचऱ्याचे खत घेताना तपासणीचा दाखला पाहावा. खत नियंत्रण आदेशानुसार अशा खताच्या एका किलोत शिसे १०० व कॅडमियम ५ मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये.

२. जुन्या बॅटऱ्या अंगणात वा विहिरीजवळ फोडू वा जाळू नयेत.

३. तंबाखूचे झाड जमिनीतील कॅडमियम शोषून पानात साठवते. विडी सोडण्याचे हेही एक सबळ कारण होय.

४. लोह व चुना यांची उणीव असलेले शरीर शिसे अधिक शोषते. उतारावर पिकणारी नाचणी, पालेभाज्या व त्यांच्या जोडीला आवळा हा उत्तम आहार होय.

५. अर्जुनाची साल खोडाच्या एकाच बाजूने, उभ्या अरुंद पट्टीने काढावी. सभोवार साल सोलल्यास झाड वाळते. रहदारीच्या रस्त्याकाठच्या वा सांडपाण्याच्या नाल्याकाठच्या झाडाची साल औषधास घेऊ नये.

६. छातीत दुखत असल्यास वा धाप लागत असल्यास विलंब न लावता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. डॉक्टरांची औषधे बंद करून काढ्यावर विसंबू नये. काढा घेत असल्यास तसे डॉक्टरांना अवश्य सांगावे.

अर्जुन हा ओढ्याची दरड धरून ठेवणारा, बहुगुणी वृक्ष आहे. त्याची जोपासना करावी. परंतु हृदयाच्या रक्षणाची सुरुवात माती, पाणी व अन्न शुद्ध राखण्यापासूनच करावी.