गोळा, बिंग्सू आणि चमचाभर गूळ

अहिल्यानगर हा साखरेचा जिल्हा. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखान्याचा पाया घातला तो इथेच, प्रवरेकाठी. पण याच जिल्ह्यातलं, पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी उसाला नको म्हणालं. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने गावाने श्रमदान केलं, नालाबांध घातले, पाणी अडवलं आणि जिरवलं. आणि एवढ्या कष्टाने साठलेलं पाणी उसाला पाजायचं नाही असं ठरवलं. त्याऐवजी आली कमी पाण्यावरची कडधान्यं, तेलबिया, भाजीपाला. चारा वाढला तसं दूधही वाढलं.

बर्फाच्या लेखात हे पाल्हाळ कशाला? तर हल्ली मुलं मोबाइलवर पाहून जो कोरियन ‘बिंग्सू’ मागतात, तो मुळात दूध आणि कडधान्यच आहे. दुधाचा भुसभुशीत किस, त्यावर शिजवलेली लाल अझुकी. ही अझुकी मूग, मटकी, चवळीच्याच गोतातली. म्हणजे राळेगणच्या घरात बिंग्सूचं निम्मं सामान आधीच आहे. अडचण आहे ती साखरेची, आणि समजांचा गोंधळही तिच्याचभोवती आहे.

पहिला समज: ‘फार गोड लागत नाही, म्हणजे साखर कमीच असणार.’ जत्रेतला गोळा आठवा. पोर तो चोखून चोखून पांढरा करतं आणि पुन्हा हात पुढे करतं, “काका, अजून रस टाका ना!” मात्र ग्लासाच्या तळाशी वितळून कोमट झालेलं तेच पाणी नंतर तोंडात धरवत नाही, इतकं गोडमिट्ट लागतं. साखर तेवढीच, बदलली ती जीभ. गार पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते, म्हणून बर्फाच्या कुठल्याही पदार्थात साखर जरा जास्तच ओतली जाते. बिंग्सूही याला अपवाद नाही. त्यावर धार धरतात ते गोड कंडेन्स्ड दूध. त्यात वजनाच्या ४० टक्के किंवा त्याहून जास्त वरून घातलेली साखर असते. तीन मोठे चमचे, म्हणजे साधारण ६० ग्रॅम ओतलं की २४ ग्रॅम साखर झालीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनेनुसार मोठ्या माणसाने वरची साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवावी. एका वाडग्यातच दिवसाचा कोटा संपला.

‘मग गूळ घालू, खडीसाखर तर थंडच असते.’ खडीसाखर म्हणजे निव्वळ साखर, फक्त खडे मोठे. गुळात लोह आणि इतर खनिजं थोडीफार असतात हे खरं, पण त्याचा मोठा भाग साखरच. मधाचंही तेच, सुमारे ८० टक्के साखर. चवीसाठी गूळ जरूर घ्या. मधुमेह असलेल्या आजोबांना मात्र ‘गुळाचं आहे, चालतं’ म्हणून दुसरा वाडगा देऊ नका.

‘बर्फ वितळवायला शरीराची ताकद खर्च होते, म्हणून वजन उतरतं.’ हिशेब करून पाहू. २०० ग्रॅम बर्फ वितळवून अंगाच्या उष्णतेला आणायला जेमतेम २३ कॅलरी लागतात. सहा चमचे साखरेत १०० असतात. उरलेल्या ७७ चं काय करायचं ते ज्याचं त्याने पाहावं.

चौथा समज मला सगळ्यात धोक्याचा वाटतो: ‘एवढ्या गारव्यात जंतू टिकतात कुठे?’ टिकतात. गोठल्यावर बरेच जंतू फक्त झोपतात, वितळलं की उठतात. कावीळ, विषमज्वर, जुलाब बर्फातून पसरू शकतात ते म्हणूनच. मासळी किंवा माल गार ठेवायचा कारखान्यातला बर्फ वेगळा, खायचा वेगळा. दोन्हींची गल्लत होऊ नये म्हणून महाराष्ट्रात २०१८ पासून न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालणं बंधनकारक केलं गेलं. गाडीवरच्या लादीला निळसर झाक दिसली तर पोराला पुढे न्या, रडलं तरी चालेल.

घरी करायचं तर यंत्र लागत नाही. अर्धा लिटर दूध आटवून त्याचं पाऊणपट करा. आटल्याने त्याची स्वतःची गोडी वर येते. दुधातली ही साखर वरच्या साखरेत धरत नाहीत, तरी मधुमेह्याने ती मोजावीच. दूध निवलं की स्टीलच्या पसरट थाळीत बोटभरापेक्षा कमी जाडीचा थर ओता. पातेल्यात गोठवलंत तर दगड होईल आणि किसणी मोडेल. साधारण तासातासाने काट्याने खरवडत राहा. तिसऱ्या वेळेला कडेचं दूध पापडीसारखं सुटतं, मधलं ओल्या रव्यासारखं भुरभुरतं. ते जमलं की झालं. म्हशीचं दूध असेल तर किस जास्त मऊ येतो.

वर लाल चवळी: पाच-सहा तास भिजवून मऊ शिजवलेली, अर्धवट घोटलेली, वेलदोडा आणि कणभर मीठ घातलेली. मिठाने गोडी उठून दिसते, आपण शिऱ्यात चिमूट टाकतो ना, तशीच. माणशी एक लहान चमचा गूळ, म्हणजे ५ ग्रॅम. कोरियात भाजलेल्या सोयाबीनचं पीठ भुरभुरतात. आपल्याकडे डाळ्याचं पीठ त्याच्या तोडीस तोड लागतं. शेजारी खरबुजाच्या फोडी. ‘कडधान्य आणि गोड?’ असं नाक मुरडणाऱ्याने पुरणपोळी खाताना तो प्रश्न विचारलेला मला आठवत नाही.

एक मात्र सांभाळा. गावाकडे दुपारी वीज गेली की थाळीतलं दूध वितळतं, आली की पुन्हा गोठतं, आणि किसाऐवजी खडबडीत काचा होतात. वीज बराच वेळ गेलेली असेल आणि दूध कोमट झालेलं असेल, तर ते पुन्हा गोठवू नका. थाळी रात्री लावलेली बरी.