विषाणूंची लिपी

कावीळ हे एकाच रोगाचे नाव आहे असे आपल्याकडे समजले जाते. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना गेली की घरातली वडीलधारी माणसे निदान करून मोकळी होतात. कुणी काविळीची माळ घालते, कुणी झाडपाला आणते. काही आठवड्यांत बहुतेकांना बरे वाटते आणि श्रेय माळेला मिळते. पण पिवळे डोळे ही नुसती खूण आहे. ती इतरही कारणांनी दिसते. आणि विषाणूमुळे दिसली तरी तो विषाणू पाचांपैकी कोणताही असू शकतो. ए, बी, सी, डी आणि ई. नावे एका ओळीत बसवली, म्हणून हे भाऊभाऊ होत नाहीत. त्यांची घराणी वेगवेगळी आहेत.

मी विज्ञानाचा पदवीधर नाही. बीए झालो, कविता लिहितो. माझा संबंध अक्षरांशी. म्हणूनच असेल, विषाणूंचे वर्गीकरण वाचताना मला ते परके वाटले नाही. कारण ते शेवटी मजकुराचे आणि लिपीचे वर्गीकरण आहे.

विषाणू म्हणजे प्रथिनांच्या वेष्टणात गुंडाळलेला मजकूर. जिवाणू स्वतः खातो, वाढतो, एकाचे दोन होतो. विषाणूला यातले काहीच येत नाही. पेशीबाहेर तो बंद पाकिटातल्या चिठ्ठीसारखा पडून असतो. योग्य पेशी भेटली की तिला चिकटतो, आत शिरतो, वेष्टण उतरवतो. पेशीत रायबोसोम नावाचे प्रथिनांचे कारखाने असतात. संदेशवाहक आरएनएच्या रूपात आलेला हुकूम पाळायचा, एवढेच त्यांना ठाऊक. हुकूम घरचा की परक्याचा, हे ते विचारत नाहीत. मग विषाणूचे सुटे भाग तयार होतात, मजकुराच्या नकला निघतात, जुळणी होते आणि नवे विषाणू बाहेर पडतात. कधी पेशी फोडून, कधी तिच्याच आवरणाचा तुकडा पांघरून.

१९७१ मध्ये डेव्हिड बाल्टिमोर या अमेरिकन शास्त्रज्ञाने विषाणूंना एकच प्रश्न लावला. रायबोसोमला वाचता येईल असा हुकूम तू कोणत्या वाटेने तयार करतोस? त्या उत्तरावरून गट पडले. आज ते सात मानतात.

देवी, कांजिण्या यांच्या विषाणूंकडे आपल्यासारखाच दुपदरी डीएनए असतो. (कांजिण्या आणि नागीण यांचा विषाणू तर एकच.) पार्व्हो विषाणूचा डीएनए एकपदरी, त्याला आधी दुसरा पदर विणावा लागतो. लहान मुलांना जुलाब लावणाऱ्या रोटा विषाणूकडे दुपदरी आरएनए. पोलिओ, डेंग्यू, चिकुनगुन्या, कोरोना यांचा आरएनए एकपदरी आणि सुलटा. पेशीत शिरताच तो थेट वाचला जातो. काविळीचे ए, सी आणि ई हे विषाणू याच गटातले.

गोवर, रेबीज, इन्फ्लुएंझा यांचा आरएनए मात्र उलटा. माझा पहिला कवितासंग्रह खिळे जुळवून छापलेला आहे. खिळ्यावरचे अक्षर उलटे असते, कागदावर ठसा उमटल्यावरच ते वाचता येते. तसेच हे. आरएनएवरून आरएनएचा असा ठसा काढणारे यंत्र आपल्या पेशीत तयार नसते, म्हणून हे विषाणू ते यंत्र सोबत घेऊनच येतात.

उरले दोन गट. एचआयव्हीकडे आरएनए असतो, पण तो त्याचा डीएनए बनवतो, म्हणजे उलट दिशेने लिहितो. हे काम करणारे विकर १९७० मध्ये बाल्टिमोर आणि हॉवर्ड टेमिन यांनी स्वतंत्रपणे शोधले. १९७५ चे नोबेल पारितोषिक त्यांना रेनातो दुल्बेको यांच्यासह मिळाले. काविळीचा बी विषाणू सातव्या गटात. त्याच्याकडे डीएनएच असतो, पण नक्कल काढताना तो आधी आरएनए करतो आणि त्यावरून पुन्हा डीएनए. उलटे लेखन इथेही आहेच.

आता या वर्गीकरणाचा उपयोग पाहा. एचआयव्ही आणि कावीळ बी या रोगांत वरवर काहीच साम्य नाही. तरी टेनोफोव्हिर हे एकच औषध दोन्हींवर चालते, कारण ते उलट्या लेखनाची लेखणीच अडवते. उलट बी आणि सी दोन्ही यकृताचेच शत्रू, दोन्ही रक्तातून पसरणारे, पण औषधे निराळी. बी आपला डीएनए पेशीच्या केंद्रात ठेवून देतो, म्हणून औषधाने तो दबतो, पण सहसा मुळासकट जात नाही; गोळ्या वर्षानुवर्षे घ्याव्या लागतात. सीचा सगळा कारभार आरएनएवर चालतो. तो केंद्रात काही पुरून ठेवत नाही. २०१३ पासून आलेल्या नव्या गोळ्यांनी बहुतेक रुग्ण साधारण तीन महिन्यांत पूर्ण बरे होतात. आणि प्रतिजैविके? ती जिवाणूंची भिंत किंवा त्यांचे कारखाने मोडतात. विषाणूला भिंतही नाही आणि कारखानाही नाही. म्हणून साध्या विषाणूजन्य तापात डॉक्टरांकडे त्या गोळ्यांचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

माळेचे श्रेय कुणाचे, हेही आता उलगडते. दूषित पाण्या-अन्नातून येणाऱ्या ए आणि ई या काविळी बहुधा आपोआप बऱ्या होतात. गरोदरपणात मात्र ई जिवावर बेतू शकते. बी आणि सी वर्षानुवर्षे गुपचूप राहून यकृत पोखरतात, कर्करोगापर्यंत नेतात, आणि तोवर डोळे पिवळे होतीलच असे नाही. डी तर बीचे वेष्टण उसने घेतल्याशिवाय पसरूच शकत नाही. म्हणून बीची लस दोघांनाही रोखते. ती बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांत द्यायची असते. सीवर लस नाही, पण तपासणी आहे. बी आणि सीची तपासणी व उपचार सरकारी रुग्णालयांत मोफत देणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१८ मध्ये सुरू झाला.

रोगाला नाव देताना माणसे घाई करतात. २०२० मध्ये कोरोनाला कुणी देशाचे नाव चिकटवले, कुणी जमातीचे. त्याने एकही रुग्ण बरा झाला नाही. विषाणूला पेशी कळते, पेशीचा मालक कळत नाही. म्हणून घरात कुणाचे डोळे पिवळे झाले, तर पथ्य जरूर पाळा, पण डॉक्टरांना एक प्रश्न आधी विचारा: यातली कोणती कावीळ? रक्ताच्या तपासणीतून त्याचे उत्तर मिळते, आणि पुढचा उपचार त्या एका अक्षरावर ठरतो.