लाल क्रॉस नसलेलं विमान

ॲम्ब्युलन्स म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पांढरी गाडी येते, वरचा दिवा येतो, सायरन ऐकू येतो. आत कोणीतरी आजारी आहे हे ती गाडी लांबूनच सांगते, म्हणून माणसं बाजूला होतात. आज अशा एका ॲम्ब्युलन्सची गोष्ट सांगते, जिला हे सांगायची मुभाच नव्हती. ती गाडी नव्हती, विमान होतं. दुसऱ्या महायुद्धात ते विमान गेलं, पण त्यातली तीसच्या तीस माणसं जिवंत परतली. ती कशी परतली, हे ऐकण्यासारखं आहे.

आधी हे विमान काय काम करायचं ते समजून घेऊ. ते अमेरिकी सैन्याचं, डग्लस कंपनीचं सी-५३ जातीचं विमान होतं. आपल्याकडे ज्याला डकोटा म्हणतात त्याच घराण्यातलं. अशी विमानं जाताना माणसं, दारूगोळा, इंधन, शिधा घेऊन लढाईच्या जवळ जायची. तिथे माल उतरला की दोन्ही बाजूंना एकावर एक स्ट्रेचर अडकवायचे आणि येताना जखमी सैनिक आणायचे. ज्या विमानाने सकाळी बंदुकीच्या गोळ्या नेल्या, तेच दुपारी दवाखाना व्हायचं.

अडचण इथेच होती. जिनिव्हा करारानुसार फक्त आजारी-जखमींची ने-आण करणाऱ्या गाडीवर लाल क्रॉस काढता येतो आणि शत्रूने तिच्यावर हल्ला करायचा नसतो. पण दारूगोळा वाहणाऱ्या विमानावर तो क्रॉस काढणं म्हणजे फसवणूक. म्हणून या विमानांवर लाल क्रॉस नसायचा. आत नर्स आहेत, जखमी आहेत, हे शत्रूला कळायची सोय नव्हती.

विमानात सहसा डॉक्टरही नसायचा. एक नर्स आणि तिच्या हाताखाली एक शिकवलेला सैनिक, एवढ्यांवर सगळी जबाबदारी. रक्त थांबवणं, ऑक्सिजन लावणं, पेशंटला धीर देणं, निर्णय घेणं, सगळं तिनेच करायचं. उंचीवर हवा विरळ होते, त्याने आजार बदलतात. घाट चढताना वेफर्सचं बंद पाकीट फुगतं ना, तसंच. छातीत किंवा पोटात अडकलेली हवाही वर गेल्यावर फुगते आणि जीवाला धोका होतो. त्यामुळे कोणाला विमानात घ्यायचं, कोणाला किती उंचीवर न्यायचं, याची पारख लागायची. हे शिकवण्यासाठी अमेरिकेत केंटकी राज्यात बोमन फील्ड इथे शाळा काढली होती. तिची पहिली तुकडी फेब्रुवारी १९४३ मध्ये बाहेर पडली.

आता त्या दिवसाकडे येऊ. तारीख ८ नोव्हेंबर १९४३. इटलीत लढाई चालू होती. त्याच हिवाळ्यात आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीचे जवानही इटलीत लढत होते. सिसिली बेटावरच्या कातानियाहून इटलीतल्या बारी शहराकडे हे विमान निघालं. तिथले जखमी आणायचे होते. विमानात १३ नर्स, १३ मदतनीस सैनिक आणि विमान चालवणारे ४ जण, असे ३० लोक होते. अंतर सरळ रेषेत सुमारे ४३० किलोमीटर, म्हणजे दोन-अडीच तासांचं काम.

पण वाटेत वादळ आलं. बिनतारी संपर्क तुटला, होकायंत्राचा भरवसा राहिला नाही. ढगांतून भटकत विमान समुद्र ओलांडून पलीकडे गेलं. एका धावपट्टीवर उतरायला खाली आले, तर तिथे जर्मन विमानं उभी. खालून गोळीबार झाला. पुन्हा ढगात शिरले. शेवटी एका तळ्याजवळच्या ओल्या रानात विमान उतरवलं आणि त्याचं नाक चिखलात रुतलं. विमानाच्या मेकॅनिकचा गुडघा दुखावला, बाकीचे बहुतेक धडधाकट राहिले. तो देश होता अल्बानिया, आणि तो जर्मनांच्या ताब्यात होता.

विमान पुन्हा उडणार नव्हतं, आणि ते शत्रूच्या हाती पडू द्यायचं नव्हतं. म्हणून ज्यांना त्याने आणलं होतं त्यांनीच ते पेटवून दिलं. जखमी आणायला निघालेलं ते विमान तिथेच संपलं. आता उरले होते फक्त पाय.

सख्यांनो, इथून पुढची गोष्ट विमानाची नाही, घरांची आहे. गावकरी त्यांना दोन-दोन, तीन-तीन करून वाटून घ्यायचे. घरात स्वतःलाच पुरेसं नाही, तरी मक्याची भाकरी पुढे यायची. चुलीशेजारी जमिनीवर झोपायला जागा मिळायची. त्या देशात 'बेसा' नावाची रीत आहे. बेसा म्हणजे दिलेला शब्द. घरात घेतलेल्या पाहुण्याचं रक्षण करायचं, ही त्या शब्दाची जबाबदारी. आणि ती स्वस्त नव्हती. परक्यांना लपवलं म्हणून जर्मन सैन्य घरं जाळत होतं. शिवाय देशातलेच दोन गट एकमेकांशी लढत होते. कुणी घाबरून नकार दिला तर त्यालाही दोष देता येत नाही. पोटची पोरं सगळ्यांनाच असतात.

बेरात गावावर जर्मनांनी हल्ला केला तेव्हा पळापळीत ३ नर्स मागे राहिल्या. त्यांना तिथल्याच घरांत लपवून ठेवण्यात आलं. बाकीचे २७ जण तोमोर डोंगराच्या वाटेने, बर्फाच्या वादळातून पुढे गेले. बूट फाटले, अंगात उवा झाल्या, हगवण लागली. पुढे ब्रिटिशांचे गुप्त कामगिरीवरचे अधिकारी भेटले, त्यांनी वाट दाखवली. २९ डिसेंबरला त्यांना न्यायला विमानं आलीही. विमानं डोक्यावर घिरट्या घालत होती, पण जर्मन जवळच असल्यामुळे खालून खूण करता आली नाही. विमानं रिकामी परत गेली. पुन्हा चालणं सुरू झालं. शेवटी समुद्रकाठी पोचून होडीने ते ९ जानेवारी १९४४ रोजी बारीला आले. दोन-अडीच तासांच्या प्रवासाला ६२ दिवस लागले.

मागे राहिलेल्या तिघींना साधे कपडे आणि स्थानिक ओळखपत्रं देऊन बाहेर काढलं गेलं. त्या २१ मार्चला सुखरूप पोचल्या. म्हणजे चार महिन्यांहून जास्त काळ कुणीतरी त्यांना घरात ठेवलं, खाऊ घातलं आणि त्यांच्याबद्दल तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

परतलेल्यांनाही गप्प राहायला सांगितलं होतं. मदत करणाऱ्यांची नावं फुटली तर त्यांचं काय होईल, हे उघड होतं. ती भीती युद्धानंतरही खरी ठरली. अल्बानियात आलेल्या साम्यवादी राजवटीत परक्यांशी संबंध ठेवल्याचा संशय जिवावर बेतायचा. या अमेरिकनांना वाट दाखवणाऱ्या एका शिक्षकाला पुढे ठार मारण्यात आलं.

या हवाई सेवेचा हिशेब असा: अमेरिकी लष्कराच्या सुमारे ५०० नर्स या कामावर होत्या. युद्धात ११ लाख ७६ हजारांहून जास्त रुग्ण विमानाने हलवले गेले आणि वाटेत दगावले फक्त ४६. या कामात १७ नर्सनी प्राण गमावले. हे आकडे सरकारी दप्तरात आहेत, आणि ते असायलाच हवेत.

पण बेरातच्या त्या घरांत किती भाकऱ्या थापल्या गेल्या, याचा आकडा कुठेच नाही. दाराबाहेर बुटांचा आवाज आला की किती बायकांनी श्वास रोखला, तेही कुणी लिहिलं नाही. विमानावर लाल क्रॉस नव्हता, तसा त्या घरांवरही नव्हता. कुठलाच करार त्यांचं रक्षण करत नव्हता. तरी ते तीस जीव त्याच घरांनी जपले.

पुढच्या बैठकीत यावर जरूर बोला. आपल्या गावात पुरात, साथीत, दुष्काळात कोणी कोणाला घरात घेतलं होतं? तिचं नाव कुठे लिहिलं आहे का? नसेल, तर गटाच्या वहीत लिहून ठेवा.